वर्षाला ५२ भांडणांची सोय

ऑनलाइन समूह थंडावलाय. सदस्य ८००, आणि बोलणारे तेच ते ८. तुमच्या मनात स्पर्धा घ्यायचं आलं असेल, तर आता मागे हटू नका. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये अशा समूहांसाठी ९०-९-१ असा ठोकताळा मांडला होता: शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि सगळा भार एकटा वाहतो. म्हणजे तुमच्याकडे हक्काचे ८ आणि कधीमधी येणारे ७२. एवढ्या मनुष्यबळावर महिन्याला एक फेरी छान निघते. म्हणून आपण स्पर्धा साप्ताहिक ठेवायची. चार दिवस प्रवेशिका, दोन दिवस मतदान, एक दिवस निकाल, आणि निकालाच्याच संध्याकाळी पुढचा विषय. तुम्हाला उसंत नाही, लोकांना विचार करायला वेळ नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आपण सातातच उरकू.

समजा, स्पर्धा छायाचित्रांची आहे. विषय द्या ‘निसर्ग’. ‘जीवन’ही चालेल. मग सूर्यास्त, मुंगी आणि कुणाच्या तरी पुतण्याचं बोरन्हाण एकाच रांगेत येतात आणि कशाची कशाशी तुलना करायची हे कुणालाच कळत नाही. ‘सावली दिसावी, पण जिची ती आहे ती वस्तू चौकटीत नको’ असला नेमका विषय चुकूनही देऊ नका. त्याने माणसं कॅमेरा घेऊन घराबाहेर पडतात. दहा वर्षं हार्ड डिस्कवर साठवलेल्या फोटोंनी मग जायचं कुठे?

नियम लिहायला बसू नका. एकाने किती फोटो द्यायचे, कातरलेला चालेल का, रंग किती बदलायचे, संगणकाने बनवलेलं चित्र चालेल का, हे सगळं पहिली तक्रार आल्यावर ठरवावं. तोवर तक्रार कुणाविरुद्ध आहे हेही कळलेलं असतं, त्यामुळे नियम मापात शिवता येतो. २०२३ मध्ये सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांत जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डाग्सेन यांचं चित्र एका गटात निवडलं गेलं आणि त्यांनी ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचं सांगून पुरस्कार नाकारला. तुमच्याकडचा विजेता इतका सरळ असेलच असं नाही, म्हणून त्याच्याकडे मूळ फाइल मागू नका. तिच्यात कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ असं काहीबाही असतं. ही माहिती बदलता येते हे खरं, पण ती मागितली जाणार एवढं कळलं तरी निम्मे उचले गळतात. फोटो गप्पांच्या ॲपवरूनच मागवा, तिथे ती बहुधा आपोआप पुसली जाते. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगितलंत तर टिकेल, तेव्हा ते सांगू नका.

मुदत ‘रविवार रात्री १२’ अशी असावी. शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे, यावर २४ तासांचा वाद निघतो. सदस्य वेगवेगळ्या देशांत असतील तर आणखी बरकत. ‘रविवार २३:५९, अमुक देशाची वेळ’ असं लिहिलं की सगळी मजाच गेली.

खरी करामत मतदानात आहे. प्रवेशिका येईल तशी समूहात टाकू द्या आणि ‘ज्याला जास्त लाइक तो विजयी’ म्हणा. मग पहिल्याच दिवशी आलेल्या फोटोला सहा दिवस मिळतात, शेवटच्याला दोन. नावं दिसत असल्यामुळे फोटो बघायचे कष्टही वाचतात. काही जण मुदत संपल्यावर सगळ्या प्रवेशिका नाव झाकून, क्रमांक देऊन, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने एकदम मांडतात. त्यांना माणसं ओळखायची नाहीत, फोटो ओळखायचेत. असतात असे विक्षिप्त लोक.

मतदानाचा दुवा सर्वांना खुला ठेवलात तर समूहात कधी न फिरकलेली मामेभावंडं येऊन लोकशाही बळकट करतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका संशोधन जहाजासाठी लोकांकडून नावं मागवली, तेव्हा ‘बोटी मॅकबोटफेस’ हे थट्टेचं नाव मतांत पहिलं आलं. शेवटचा निर्णय आयोजकांनी स्वतःकडे ठेवला होता, म्हणून जहाजाला निसर्गपटांसाठी प्रसिद्ध डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव मिळालं आणि ‘बोटी’ हे नाव पाण्याखाली जाणाऱ्या एका यंत्राला गेलं. तुम्ही अशी पळवाट ठेवू नका.

प्रत्येकाला एकच मत द्या. १२ प्रवेशिका आणि ३० मतदार असले की ५ मतांवर कुणीतरी जिंकतो आणि २५ जण ‘हा कसा काय?’ विचारत बसतात. प्रत्येकाने तीन आवडते निवडून ३, २, १ गुण द्यायचे, स्वतःला द्यायचे नाहीत, आणि स्पर्धकाने मत दिलं नाही तर त्याची प्रवेशिका बाद, असं केलं तर निकाल बऱ्याच जणांना पटतो. शेवटची अट तर फारच घातक: गुण दाबून ठेवणारे उघडे पडतात.

परीक्षक नेमायचेच असतील तर दोन नेमा, बरोबरी व्हायला सोपं. तीन असले तर गुणांची सरळ बेरीज करा. पहिल्या दोघांनी ‘क’ला ६-६ आणि ‘ख’ला ५-५ दिले. तिसरा हात सैल सोडणारा, त्याने ‘क’ला ३ आणि ‘ख’ला ९ दिले. बेरीज १५ विरुद्ध १९. तिघांपैकी दोघांना ‘क’ आवडला आणि जिंकला ‘ख’! हेच प्रत्येकाचे गुण आधी क्रमांकात बदलून जोडले तर ‘क’चे ४, ‘ख’चे ५ होतात आणि कमी बेरीजवाला ‘क’ जिंकतो. असल्या गणितात शिरू नका. ओरडा फारच झाला तर दोघांनाही पहिला क्रमांक द्या. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडी फिगर स्केटिंगमध्ये परीक्षणावरून झालेल्या वादानंतर दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक दिलंच होतं. पुढे त्या खेळाच्या संघटनेने गुणदानाची पद्धतच बदलली, पण एवढ्या टोकाला जायची आपल्याला काय गरज?

पुढचा विषय विजेता देईल असं जाहीर करा, पण किती वेळात ते बोलू नका. विजेता गावाला जातो आणि स्पर्धा तिथेच थांबते. ‘४८ तासांत विषय आला नाही तर दुसऱ्या क्रमांकाने द्यावा’ ही एक ओळ लिहिली असती तर चाललं असतं. तोच माणूस सलग चौथ्यांदा जिंकला तर त्याला परीक्षक करू नका, पाचव्यांदा जिंकू द्या.

निकालात फक्त नाव टाका आणि वर टाळ्यांची चित्रं. प्रत्येक प्रवेशिकेवर दोन ओळी, म्हणजे चौकट कुठे कापली, उजेड कुठे हुकला, लिहायला १२ फोटोंना तासभर लागतो. हरलेली माणसं त्या दोन ओळींसाठीच पुन्हा येतात, आणि मग त्यांचे फोटो सुधारतात. नसता व्याप.

सातव्या-आठव्या आठवड्यात तीनच प्रवेशिका येतील, त्यातली एक तुमची. ‘खास लोकाग्रहास्तव’ मुदत वाढवा, म्हणजे वेळेत पाठवणाऱ्या दोघांनाही पुढच्या वेळी घाई करायचं कारण उरत नाही. तरीही चौथी आली नाही तर खचू नका. पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ असे चार क्रमांक जाहीर करा.