सायलेंट व्हॅली: मुक्काम मुक्कालीजवळच करा

एका लेखात केरळच्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची सहल पालक्काड शहरात राहून करायला सुचवलं आहे. जमेल, पण घाई होईल. स्वतःची गाडी फक्त उद्यानाच्या वेशीवरच्या मुक्काली गावच्या नाक्यापर्यंत. पुढचे, उद्यानातल्या सैरंध्री या ठिकाणापर्यंतचे २३ किलोमीटर वनखात्याच्या वाहनातून, वाटाड्यासोबत. रस्ता असा की जाऊन-येऊन पाचेक तास धरा. आसने मोजकी, म्हणून नोंदणी आधी करा आणि पहिलीच फेरी घ्या. जवळच्या मन्नारक्काड गावी किंवा मुक्कालीत मुक्काम असेल तर ती सहज गाठता येते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना शोरनूरला उतरणं सोयीचं.

डिसेंबर ते मार्च उत्तम. जून ते ऑगस्ट धो धो पाऊस, धुकं आणि जळवा. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू सहज आत शिरते. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या, पँट त्यांच्या आत खोचा. चिकटलीच तर मीठ किंवा पेटती काडी लावू नका, नखाने कडेने तिचं तोंड सोडवा. रक्त गोठू न देणारं द्रव्य तिने सोडलेलं असतं, त्यामुळे जखम बराच वेळ वाहते. दाबून धरा, घाबरू नका.

दुर्बीण ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) न्या. १० बाय २५ची खिशात मावते खरी, पण झाडांच्या दाट छताखाली तिच्यातून अंधुकच दिसतं. सिंहपुच्छ वानरं उंच फांद्यांवर असतात, तिथे हा फरक कळतो. सैरंध्रीचा सुमारे ३० मीटर उंच मनोराही जरूर चढा. आणि वाहनात मोठ्याने गप्पा मारणारा गट असेल, तर वानरांची आशा सोडा!