लँकेस्टरमधली कबर आणि आमचा फॅमिली ग्रुप

परवा आमच्या ग्रुपवर जातीनिहाय जनगणनेवरनं परत जुंपली. टेक्सासवाल्या चुलत भावाने लिहिलं, इथे सगळं मेरिटवर चालतं, तिकडे तुम्ही अजून जात जात करत बसलाय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि मला एकदम थॅडियस स्टीव्हन्सच आठवला.

हा इथल्याच लँकेस्टर गावचा वकील, अमेरिकी संसदेतला (तिला इथे काँग्रेस म्हणतात) पुढारी, गुलामगिरीचा कट्टर वैरी, जिभेने बोचरा, पत्ते कुटणारा, संतबिंत अजिबात नाही. १८६८ साली गेला. गावातल्या बाकीच्या दफनभूमींत काळ्यांना जागा नाही असे नियम, म्हणून ह्याने मुद्दाम सगळ्यांना घेणारी एक छोटी दफनभूमी निवडली आणि का निवडली ते दगडावर कोरूनही घेतलं. (त्याच साली पुण्यात जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि पुढे १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं.) आमच्या गावात स्मशानं दोन, एक आपलं एक त्यांचं, आणि आजोबांना पोचवायला गेलो तेव्हा मला त्यात काही खटकलंसुद्धा नव्हतं.

पण स्टीव्हन्सचं मला पटतं ते वेगळंच. १८३५ ला पेनसिल्व्हेनियात फुकट सरकारी शाळा बंद पाडायचा घाट घातला गेला तो ह्याच्या भाषणाने हाणून पाडला. पुढे राज्याच्या नव्या घटनेत काळ्यांचा मताचा हक्क काढून घेतला म्हणून पठ्ठ्याने सहीच केली नाही. आणि गुलामगिरीवरनं पेटलेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर ह्याचं म्हणणं, नुसतं मोकळं करून काय होणार, दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा आणि सुटलेल्या गुलामांना ४०-४० एकर द्या. त्याच्याच पक्षाने साथ दिली नाही, आणि ते लोक परत त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबायला लागले, म्हणजे कागदावर मोकळे आणि सातबारा मालकाचाच.

अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती त्याला अपुरी वाटत होती तरी मत दिलं, म्हणाला मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. इथे जन्मेल तो इथला नागरिक, हे त्याच दुरुस्तीत आहे. भावाच्या दोन्ही पोरी तो एचवन व्हिसावर (नोकरीपुरत्या परवान्यावर) असताना डॅलसला झाल्या, त्यांचे निळे पासपोर्ट त्यावरच आलेत, मेरिटवर नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर भाऊ म्हणतो, तो इतिहास झाला रे, आपण आपल्या कष्टावर आलो. कष्ट केलेच, नाही कोण म्हणतंय. मी एवढंच विचारलं की आपल्या दोघांच्या इंजिनीअरिंगची फी कुठून आली? विहिरीखालची जमीन विकून. मग पुढचं विचारलं, ती जमीन आजोबांच्या नावावर कशी लागली आणि तिच्यात आधी राबत कोण होतं?

हे फक्त काकांना माहितीय. काल रात्रीपासून त्यांचं 'टायपिंग' येतंय आणि जातंय.