स्क्रिप्टचं नाव एनपीएमही वाचतो

'बिल्ड म्हणा नाहीतर बांधकाम म्हणा, कमांड तीच चालते. नावांचे नियम म्हणजे नुसतं सोवळं-ओवळं,' असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं आणि प्रकाशित करणारं साधन) ज्या स्क्रिप्ट चालवतो, म्हणजे प्रकल्पात नाव देऊन ठेवलेल्या कमांड, त्यांना नावं कशी द्यावीत यावर तो लेख होता. शिवाय नावातल्या कोलनला एनपीएमच्या लेखी काही अर्थ नाही, हेही सुनावलंत. दुसरं आधी मान्य करतो. 'टेस्ट:युनिट'मधला कोलन एनपीएमला 'टेस्ट-युनिट'मधल्या हायफनइतकाच. माझ्या लेखातल्या वाक्यामुळे उलटा समज होत होता, ते बदललंय.

पहिल्या मुद्द्यावर मात्र तुमचं पटत नाही. नाव फक्त आपण वाचत नाही, एनपीएमही वाचतो. नावाआधी 'प्री' किंवा 'पोस्ट' दिसलं की ती स्क्रिप्ट मूळ स्क्रिप्टच्या आधी किंवा नंतर आपोआप चालते. व्हीट या वेब-बिल्ड साधनाने उभ्या केलेल्या प्रकल्पात 'प्रीव्ह्यू' ही स्क्रिप्ट तयार मिळते. आता रिपोर्ट बघायला तुम्ही 'व्ह्यू' नावाची स्क्रिप्ट जोडलीत, तर 'एनपीएम रन व्ह्यू' म्हटल्यावर आधी 'प्रीव्ह्यू'चा सर्व्हर उठेल आणि तुम्ही तो बंद करेपर्यंत रिपोर्टची पाळी यायची नाही. याच घोळापायी यार्न या एनपीएमसारख्याच साधनाने आवृत्ती २ पासून आपण ठेवलेल्या नावांसाठी हे प्री-पोस्ट प्रकरण काढून टाकलं.

मी स्वतः याहून वाईट फसलोय. 'पब्लिश' नावाची स्क्रिप्ट लिहिली: आधी बिल्ड, मग 'एनपीएम पब्लिश'. चालवली की शेवटी हमखास एरर, ही आवृत्ती आधीच प्रकाशित आहे. अर्धा दिवस टोकन आणि परवानग्या तपासल्या. खरं तर पॅकेज पहिल्या फटक्यात व्यवस्थित गेलेलं असायचं. 'पब्लिश' हे एनपीएमचं राखीव नाव. पॅकेज चढल्यावर तो त्याच नावाची स्क्रिप्ट शोधून चालवतो, म्हणजे माझीच स्क्रिप्ट पुन्हा. नाव 'रिलीज' केलं, प्रश्न मिटला. 'इन्स्टॉल', 'प्रिपेअर' आणि 'व्हर्जन' याच जातीची.

आणि कोलन? एनपीएमला त्याचं काही नसलं तरी एनपीएम-रन-ऑल या अनेक स्क्रिप्ट एकदम चालवणाऱ्या साधनाला आहे. 'टेस्ट:*' म्हटलं की तो 'टेस्ट:युनिट' घेतो, 'टेस्ट:युनिट:वॉच' सोडतो, कारण एक तारा एकच पायरी उतरतो. वॉच फाइल बदलण्याची वाट बघत चालूच राहतं, कधी संपतच नाही, त्यामुळे ते बाहेर राहिलेलंच बरं. 'बिल्ड:प्रॉड:वेब:फास्ट' असल्या आगगाड्यांची तुम्ही उडवलेली खिल्ली मात्र रास्त आहे. दोन कोलनांपुढे मीही जात नाही.

तेव्हा 'बांधकाम' खुशाल ठेवा. 'स्टार्ट', 'स्टॉप', 'रीस्टार्ट' आणि 'टेस्ट' तेवढी इंग्रजीतच राहू द्या. एनपीएमकडे 'रन' न लिहिता चालणारी नावं तेवढीच आहेत. एनपीएमऐवजी बन हे साधन वापरत असाल तर 'टेस्ट'च्या बाबतीत तेही नाही: तिथे 'बन टेस्ट' म्हटलं की बनचा स्वतःचा टेस्ट रनर सुरू होतो, तुमची स्क्रिप्ट हवी असेल तर मधे 'रन' घालावंच लागतं.