विकत घेतलं म्हणजे वाढलं का, दाजी?

आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी परवा एक जुनी बातमी टाकली. मुंबईच्या नझारा ह्या गेम कंपनीनं 2025 मध्ये इंग्लंडची कर्व्ह गेम्स विकत घेतली ती, आदल्या वर्षी फ्यूजबॉक्स घेतलेली, ती पण तिकडचीच. आणि खाली लिहिलं, "धंदा असा वाढवायचा असतो. राजारामपुरीत खोली भाड्यानं घेऊन तीन पोरांनी दोन वर्षं एकच गेम घासत बसायचा, ह्याला धंदा म्हणत नाहीत." टोला माझ्या भाच्याला, म्हणजे त्यांच्याच पोराला, आणि पोरगं त्याच ग्रुपमध्ये आहे. त्यानं काहीच लिहिलं नाही. मी धाकटीला ताप होता म्हणून वाबवर, म्हणजे मूल आजारी असताना मिळते त्या रजेवर, घरी होतो आणि दुपारभर डोक्यात तेच.

मी स्वीडनमध्ये शोव्देला राहतो, अकरा वर्षं झाली. इंजिनाच्या कारखान्यात कास्टिंगची क्वालिटी बघतो, म्हणजे लहानपणापासून जे बघत आलो तेच. गावाची वस्ती साठ हजाराच्या आत, आणि आपलं कोल्हापूर 2011 च्या जनगणनेतच साडेपाच लाखाच्या घरात. तर ह्या एवढ्याशा गावात फेब्रुवारी 2021 मध्ये पाच जणांच्या कंपनीनं व्हॅलहाइम नावाचा गेम काढला आणि साधारण महिन्याभरात 50 लाख कॉप्या खपल्या. पाच जण, दाजी. त्यातल्या एकानं तो नोकरी सांभाळून रिकाम्या वेळात सुरू केलेला. पब्लिश केला कॉफी स्टेननं, ती पण इथल्याच युनिव्हर्सिटीच्या पोरांनी 2010 मध्ये काढलेली, त्यांचा बकरीचा गेम 2014 मध्ये जगभर गाजला. इथं पोरगं गेम करतंय म्हणून बाप तोंड लपवत नाही. सकाळी इकात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, भेटला की सांगतो, पोरगं गेम करतंय, विषय संपला.

आणि विकत घेऊन वाढायचं म्हणता, तर त्याचंही सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याकडचंच आहे. व्हेनर्न तळ्याच्या वरच्या टोकाला कार्लस्टाड, तिथली एम्ब्रेसर ही गेम कंपनी. कोरोनात सगळे घरी, गेम धडाधड खपत होते, पैसा स्वस्त, शेअरला भाव. मग शेअर देऊन गेम करणारे स्टुडिओ घ्यायचे, घेतले की शेअर अजून वर, की परत घ्यायचे. 2021 मध्ये गिअरबॉक्स, सगळ्या अटी धरून 130 कोटी डॉलरपर्यंतचा सौदा. मग बोर्डगेमवाली अस्मोडे पावणेतीन अब्ज युरोला. 2022 मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स, आयडॉस माँट्रियल वगैरे मिळून 30 कोटी डॉलरला. सवाशेच्या वर स्टुडिओ झाले. त्यातला प्रत्येक गेम निघायला तीन-चार वर्षं लागणार, पगार मात्र दर महिन्याला. तोवर व्याजदर चढले, लोक घराबाहेर पडले, आणि मे 2023 मध्ये 2 अब्ज डॉलरची एक भागीदारी, जी तोंडी पक्की झालेली, ती मोडली. शेअर एका दिवसात 40 टक्क्यांच्या आसपास खाली. ऑगस्टमध्ये व्होलिशन बंद, 1993 पासूनचा स्टुडिओ. गिअरबॉक्स 2024 मध्ये 46 कोटी डॉलरला विकून टाकली आणि एप्रिलमध्ये जाहीर केलं की कंपनीचे तीन तुकडे करणार. ह्याला वाढ म्हणायची का? मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, जरा रागातच.

दाजींचं उत्तर पाच मिनिटांत. "तुझी ती कॉफी स्टेन कुणाची होती मग?"

खरं आहे, 2018 मध्ये ती ह्याच एम्ब्रेसरनं घेतलेली, तेव्हा एम्ब्रेसरचं नाव वेगळं होतं. मी ते लिहिलं नव्हतं. पण घेतली म्हणून व्हॅलहाइम झाला नाही, तो त्या पाच जणांनी केला, हे मी अजूनही ठासून सांगतो. पब्लिशर पैसे लावतो, जाहिरात करतो, भाषांतरं करून घेतो, स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानाचे साधारण 30 टक्के गेल्यावर उरतात त्यात वाटा घेतो. ते काम मोठं आहेच. पण भट्टी पेटवणारा वेगळा असतो.

दाजींनी अजून एक विचारलं, तिथं पोरांना शिकताना महिन्याला पैसे कोण देतं? सीएसएन देतं, म्हणजे इथलं सरकारी खातं. सायन्स पार्कात, नव्या कंपन्यांसाठीच्या इमारतीत, बसायला जागा पण मिळते. भाच्याला ह्यातलं काहीच नाही, खोलीचं भाडं त्याची आई बापाला न सांगता देते. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी इथून पाच जण, पाच जण म्हणून नाचवत होतो.

आणि वर मी "आमच्याकडचंच" लिहिलंय ते कार्लस्टाडबद्दल. पुसणार होतो, राहू दे.

कारण मला एवढं का लागलं ते दाजींना पक्कं माहितेय. शिरोलीला आमच्या बाबांची फौंड्री होती, दोन शेड, बावीस माणसं. बाबांना झेपेना, मी यायला पाहिजे होतं, नाही आलो. एका मोठ्या फौंड्रीनं मागितली, म्हणाले आम्हाला वाढायचंय, तुमची माणसं तशीच ठेवू. मी इथनं मुखत्यारपत्र सही करून पाठवलं आणि पुढचं सगळं दाजींनी निस्तरलं. दीड वर्षात ऑर्डरी त्यांच्या शेडला गेल्या, पॅटर्न, म्हणजे साचे पाडायचे नमुने, गेले, भट्टी थंड. बाबांनी साठ-सत्तर लाकडी पॅटर्न स्वतःच्या हातानं नंबर टाकून लावलेले, ते ट्रकमध्ये चढताना दाजी तिथं उभे होते. मी नव्हतो. त्या दिवशी मी इथल्या बिलिंगेन डोंगरावर पोरीला स्की शिकवत होतो, फोन सायलेंटवर. विकत घेणाऱ्याच्या वाढीत काय जातं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, म्हणूनच बहुतेक त्यांना वाटतं की आपण घेणाऱ्याच्या बाजूला असावं. त्यांचा राग मला समजतो, पण तो पोरावर काढू नये.

रात्री भाच्याचा फोन आला. एका पब्लिशरनं करार पाठवलाय, म्हणाला, मामा बघतोस का, पप्पांना नको सांगू. मी वाचला. सोळाव्या पानावर लिहिलंय की गेमचे, नावाचे आणि पुढच्या सगळ्या भागांचे हक्क त्यांचे. मी त्याला म्हणलं हे खोडून घे, नाहीतर सही करू नको, पैसे कमी मिळाले तरी चालतील, चार महिन्यांचं खोलीभाडं मी देतो. तो म्हणाला, आणि पप्पा?

दाजी, शनिवारी तुमच्या रात्री नऊला कॉल आहे. तुम्ही पण बसा. सोळावं पान तुम्हीच त्याला वाचून दाखवा, तुमच्याएवढं ते मला सांगता येणार नाही.