पावसाची चाल आणि आमची बोअरवेल

मे महिन्यातल्या नागपुरात माणसाने पावसाचा विषय काढू नये, या मताचा मी आहे. काढल्याने फक्त तहान वाढते. 23 मे 2013 ला या शहराने 47.9 अंश सोसलेले आहेत. 2024 च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवून टाकले. यंत्रात बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण आमच्या चौकातला पानठेला अजूनही यंत्राच्या बाजूने आहे. ‘मशीन कशाले खोटं बोलन? तिले काय प्रमोशन पाहिजे?’ खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, सिग्नलवर उभं राहण्यापुरती हिरव्या जाळीची सावली आणि घरी आल्यावर पन्हं, एवढ्या सामग्रीवर इथला माणूस जून गाठतो.

अशा गावात, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, आमच्या घरात पाऊस पाडायचं गाणं शिरलं.

ते शिरलं लेकीच्या व्हिडिओ गेममधून. माझ्या आत्येभावाने परदेशातून येताना तिच्यासाठी निन्टेंडो स्विच आणला. उन्हामुळे सुट्टीभर घरात कोंडलेल्या पोरीने त्यात एक जुनापुराणा खेळ उघडला, 1998 सालचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’. हिरवी टोपी घातलेला एक पोरगा, हातात तलवार, कमरेला ओकारिना नावाचं फुंकायचं वाद्य. माझी आई कूलरसमोर पाट टाकून बसायची आणि टीव्हीकडे पाहत शेवया निवडायची.

‘हा झेल्डा कुठं चालला आता?’

‘आजी, हा झेल्डा नाही. हा लिंक. झेल्डा ती राजकन्या.’

‘म्हंजे नाव तिचं अन् राबून राहिला हा?’

‘हो.’

‘आमच्या वेळी उलटं होतं,’ आई म्हणाली आणि पुन्हा शेवयांत शिरली.

या मालिकेत चाली नुसत्या पार्श्वसंगीतासाठी नसतात, त्यांना कामं नेमून दिलेली असतात. एक वाजवली की घोडी धावत येते. एक वाजवली की रात्रीचा दिवस होतो. काही तर एका ठिकाणाहून उचलून थेट दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवतात, म्हणजे रिक्षावाल्याशी हुज्जत नाही. शिवाय त्या एका खेळापुरत्या राहत नाहीत, पुढच्या खेळात पुन्हा भेटतात. राजकन्येची अंगाई पहिल्यांदा 1991 च्या खेळात ऐकू आली, 1998 मध्ये ती ओकारिनावर आली आणि 2011 च्या खेळात तीच उलटी वाजवून मुख्य चाल केली. ही माहिती लेकीने मला माझी फटफटी सुरू होत नसताना, पार्किंगमध्ये उभं राहून दिली.

आमच्या घरात घुसली ती मात्र ‘साँग ऑफ स्टॉर्म्स’. वाजवली की आभाळ भरून येतं, वीज कडाडते आणि पाऊस. 2000 सालच्या ‘मेजोराज मास्क’मध्येही ती आहे, तिथं तिच्या पावसावर शेंगांचं बी उगवतं. अंगाईने एकदा झोपवलं की पीडा संपते. ही चाल झोपवत नाही. हिला सहाच सूर. तीन वाजवायचे, तेच तीन पुन्हा वाजवायचे, पुढचं खेळ स्वतः वाजवतो आणि जिथं संपतं तिथून ते पुन्हा सुरू होऊ बघतं. दार लोटलं की परत उघडतं, अशी तिची गत.

तिची जन्मकथा आणखी वाईट. काकारिको नावाच्या गावात पवनचक्की आहे, तिच्यात दांडा फिरवून वाद्य वाजवणारा एक माणूस. लिंक सात वर्षं झोपून मोठा होऊन तिथं जातो (‘सात वर्षं?’ आईने माझ्याकडे पाहिलं. ‘मंग बापावर गेला.’) तर हा गृहस्थ संतापलेला. सात वर्षांपूर्वी ओकारिनावाला एक पोरगा आला, त्याने एक विचित्र चाल वाजवली, चक्की सुसाट सुटली, सगळा घोळ झाला, ती चाल मी जन्मात विसरणार नाही! एवढं बोलून रागारागात ती चाल तो वाजवूनच दाखवतो. लिंक शिकतो. मग लिंक सात वर्षं मागे जातो, लहान होतो आणि याच माणसापुढे तीच चाल वाजवतो. चक्की सुसाट सुटते, गावातली विहीर आटते आणि लिंकला तिच्या तळाशी उतरता येतं.

‘थांब,’ मी म्हणालो. ‘चक्कीवाला शिकला पोराकडून. पोरगा शिकला चक्कीवाल्याकडून. मग चाल बांधली कोणी?’

‘कोणीच नाही.’

‘असं थोडी असते!’

‘बाबा, तीच तर गंमत आहे.’

गंमत असेल. माझी उभी नोकरी आवक-जावक नोंदवहीवर गेलेली आहे. कागद कुठून आला हे लिहिलेलं नसेल तर मी त्याच्यावर चहाचा कपसुद्धा ठेवत नाही. बाहेरच्या जगात ती चाल कोजी कोंदो यांची, हे मला मान्य आहे. 1985 साली मारिओला संगीत देणारे तेच. पण खेळाच्या आत तिला आवक क्रमांकच नाही. बिनआवकीचा कागद टेबलावर पडून असावा, तशी ती माझ्या डोक्यात पडून राहिली, आणि पडल्यापडल्या वाजू लागली.

सकाळी कूलरची टाकी भरताना पाइपातून पाणी कमी, चाल जास्त. भर दुपारी शंकरनगरच्या सिग्नलला मी गुणगुणत होतो, तर शेजारच्या स्कूटरवाल्या बाईंनी स्कार्फ वर करून आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं. ऑफिसात फायलीवर शेरा लिहिताना पेन तीन ठोके टाकून थांबायचं. रात्री तर कूलरच सूर धरायचा. बायको अंधारात म्हणायची, ‘पाय हलवू नका.’ मी पाय हलवत नव्हतो. पाय दादऱ्यात होते.

हा दादरा मला वरच्या मजल्यावरच्या पेटीवाल्या काकांनी दाखवून दिला. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि जगातलं कुठलंही संगीत ऐकलं की त्याची पट्टी काढतात, मग तो गॅसगाडीचा भोंगा का असेना. लेकीकडून त्यांनी ते सहा सूर ऐकले, पेटी उघडली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. पांढरी दोन. सा, कोमल गंधार, वरचा सा. सा, कोमल गंधार, वरचा सा. सहा मात्रा, दादरा. खेळातल्या ओकारिनाला बटणांवर पाचच सूर मिळतात: सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि वरचा सा. एवढ्यात जपान्यांनी पाऊस पाडला, याचं काकांना अतोनात कौतुक वाटलं.

‘मेघ राग नाही हा,’ ते डोळे मिटून म्हणाले. ‘मेघात गंधार नसतो. मियाँमल्हारात असतो, अन् कोमलच असतो. हे लोक तानसेनाकडून येऊन गेलेले दिसतात.’

‘काका, आंदोलन कुठं आहे पण गंधारावर?’ लेक म्हणाली. आंदोलन म्हणजे सूर हळूहळू झुलवणं. तिला सुट्टीत गाण्याच्या क्लासला घातल्याचा हा परिणाम.

‘आंदोलन आपण घालू,’ काका म्हणाले, आणि घातलं. त्या संध्याकाळपासून चाल वरच्या मजल्यावरूनही यायला लागली, आंदोलनासकट. भजनी मंडळाच्या एकादशीला एका जुन्या अभंगाच्या मधल्या जागेत मी ती स्वच्छ ऐकली. टाळकऱ्यांना पत्ता नव्हता. पांडुरंगाला असावा.

उपाय शोधणं भाग होतं. वाचनात आलं की इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये यावर प्रयोग केले. डोक्यात अडकलेलं गाणं च्युइंगगम चघळताना कमी छळतं, कारण चघळण्यात गुंतलेला जबडा आतल्या आत गुणगुणायला मोकळा राहत नाही. हे वाचून मला पहिल्यांदा नागपूरचं वैज्ञानिक महत्त्व कळलं. इथं तर निम्मं शहर सकाळपासून पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत फिरतं! मी पानठेल्यावर जाऊन चौकशी केली.

‘साहेब,’ ठेलेवाला म्हणाला, ‘खर्रा खाणाऱ्याच्या डोक्यात गाणं काय घेऊन बसले, बायकोचा निरोप बी टिकत नाही.’

मला तंबाखू चालत नाही, म्हणून मी च्युइंगगमच घेतलं. आठवडाभर जबडा दुखेस्तोवर चघळलं. गाणं थांबलं नाही, चघळणं मात्र दादऱ्यात बसलं.

याच सुमारास लेकीने आत्याच्या मागे लागून खराखुरा ओकारिना मागवून घेतला. मातीचा, भाजलेला, भोकं असलेला. खोक्यातून निघाल्या निघाल्या आईने तो उचलून वास घेतला. ‘हे रताळं कुठून आणलं? कच्चंच हाय.’ इटलीतल्या बुद्रिओ गावच्या जुझेप्पे दोनाती यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या वाद्याला आजचं रूप दिलं. त्यांनी ते गावाच्या करमणुकीसाठी केलं असेल, तर बुद्रिओत मे महिना सौम्य असणार. 45 अंशांत, बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये, शिकाऊ फुंकेने निघणारा वरचा सा भिंतीवर आपटून परत येतो आणि दुसऱ्या कानातून आत शिरतो.

तर लेक गच्चीवर जाऊन वाजवू लागली. संध्याकाळी सहाला, आभाळाकडे तोंड करून. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरचे पापड कोणीतरी घाईघाईने उचलले. आणि त्या आठवड्याच्या शेवटी आमच्या बिल्डिंगची बोअरवेल आटली.

आता मला सांगा. चालीला कामं दोन, पाऊस पाडणं आणि विहीर आटवणं. त्यातलं नेमकं दुसरंच आमच्या वाट्याला यावं, याला तानसेन तरी काय करणार? बोअर दरवर्षी नवतप्यात आटते, टँकर दरवर्षी येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खेळातल्या विहिरीची गोष्ट माझ्या लेकीनेच आधी बिल्डिंगभर रंगवून सांगून ठेवलेली. त्यामुळे पंप कोरडा फिरायला लागल्याबरोबर सगळी खालची मंडळी वर पाहू लागली. खास सभा भरली. सेक्रेटरींनी विषय मांडला. पेटीवाले काका कलावंताच्या बाजूने उभे राहिले, कारण आंदोलनात त्यांचाही हिस्सा होता. आणि मग माझी आई उठली.

‘आमच्या गावाले पाऊस नसला का पोट्टे काठीले बेंडूक बांधत, अंगाले कडुनिंब गुंडाळत, अन् दारोदारी धोंडी धोंडी पाणी दे म्हनत फिरत. लोक घागरभर पाणी ओतत त्याईच्या अंगावर. घरात प्याले नसलं तरी ओतत. तवा कोनी मिटिंग नाही घेतली.’

‘पण आजी, विहीर नव्हती आटत ना त्यानं,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘विहीर आटली म्हनूनच तं धोंडी निघे बाप्पा!’

सभेचा निर्णय दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी लागला: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की पुढील सूचनेपर्यंत गच्चीवर पर्जन्यविषयक वाद्यवादन करू नये.’ खाली शिक्का. मला त्या नोटिशीचा हेवा वाटला. तिला जावक क्रमांक होता.

पाऊस आला तो जूनच्या उत्तरार्धात, स्वतःच्या सोयीने, लेक क्लासला गेलेली असताना. बोअर भरली. नोटीस तशीच राहिली. खेळातला पाऊस थोड्या वेळात आपोआप थांबतो, आमचा थांबला नाही, आणि सेक्रेटरींनी तीन चाकं पाण्यात असलेल्या आपल्या गाडीकडे बघत लेकीला हळूच विचारलं, थांबवायची पण एखादी चाल असते का त्यात? नसते.

चाल डोक्यातून जाईना म्हटल्यावर एक खास नागपुरी मार्ग उरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा, निघते. पिवळी निघते जागनाथ बुधवारीतून, काळी वेगळी, सोबत बडगे म्हणजे पुरुषी पुतळे, त्यांच्या गळ्यात महागाईपासून खड्ड्यांपर्यंत ज्याचा त्रास होतो त्याच्या पाट्या आणि ‘घेऊन जाय गे मारबत’ अशा आरोळ्या. शेवटी सगळं शहराबाहेर जाळायचं. आमच्या बिल्डिंगच्या पोरांनी आपल्या गल्लीपुरता एक छोटा बडग्या केला. मी गुपचूप पाटीचे पैसे दिले आणि मजकूरही मीच दिला: ‘सा ग सां, सा ग सां, घेऊन जाय गे मारबत.’ ही माझ्या हिशेबाने त्या चालीची अधिकृत जावक होती.

पाटी उत्तम झाली. पोरं ओरडत निघाली. आणि पोरांनी वर्गणीतून ठरवलेल्या चार माणसांच्या बँडने पहिलं जे काही वाजवायला घेतलं, ते तेच. क्लॅरिनेटवर. गंधाराला आंदोलन देऊन.

मी क्लॅरिनेटवाल्याला बाजूला घेतलं. कुठून आणली ही चाल? ‘वरच्या काकांनी शिकवली ना भाऊ, एकादशीले.’ काका शेजारीच होते. ‘मला तुमच्या लेकीनं दिली,’ ते म्हणाले. लेक म्हणाली, ‘पहिले सहा सूर मी दिले. पुढचा अख्खा तुकडा मला कुठं येत होता? तो मी बँडवाल्यांची प्रॅक्टिस ऐकून बसवला.’ क्लॅरिनेटवाला म्हणाला, पुढचा तुकडा आम्ही काकांचा ऐकला. काका म्हणाले, मी तो पोरीचा ऐकला. बडग्या तेवढ्यात कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला होता.

‘ते जाऊ द्या,’ क्लॅरिनेटवाला म्हणाला. ‘ही आपल्या ठरलेल्या गाण्यांत नव्हती. हिचे वेगळे पाचशे होतात. कोनाले मागू?’

‘ज्यानं बनवली त्याले माग,’ आई म्हणाली.