एक आकडा सांगायला इतकं काय जातं?

गाडी सगळं धरून कितीला पडेल? एवढंच विचारलं होतं मी. त्याचं उत्तर मिळायला तीन शोरूम, सात चकरा आणि पाच आठवडे लागले. आणि मिळालं तेही सहीच्या दिवशी बदललं. डोकं अजून भणाणलेलं आहे म्हणून लिहायला बसलेय. गाडी घेताना माणूस वैतागतो तो किंमत जास्त आहे म्हणून नाही. खिशात किती आहेत आणि किती घालवायचे, हे आम्ही घरी हिशोब करूनच निघालेलो असतो. वैताग येतो तो लपवाछपवीचा.

सुरुवात घरातूनच होते. वेबसाइटवर गाडी गरागरा फिरवून बघता येते, सीटचा रंग बदलून बघता येतो, पण पूर्ण किंमत बघायची तर आधी मोबाईल नंबर टाका. टाकला. पाच मिनिटांत पहिला फोन, संध्याकाळपर्यंत नऊ. प्रत्येकाला मी तेच विचारलं, सगळं धरून किती? आणि प्रत्येकाने तेच ऐकवलं, "मॅडम, एकदा शोरूमला या ना, बसून बोलू." का बसून बोलायचं? फोनवर सांगता येत नाही, मेसेजमध्ये लिहिता येत नाही, असा कुठला आकडा असतो? कारण न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. लिहून दिला की मी तो दुसऱ्या शोरूमला दाखवीन, ही भीती. म्हणजे गिऱ्हाइकाला तुलना करता येऊ नये, ही यांच्या धंद्याची पहिली पायरी.

गेले शेवटी. धाकटा भाऊ सोबत होता, कारण परतताना त्याला स्टेशनवर सोडायचं होतं. दुसरं काही कारण नाही. गाडी माझी, पैसे माझे, चौदा वर्षं मी गाडी चालवतेय आणि त्याच्याकडे लायसन्ससुद्धा नाही. तरी सेल्समनने हात पुढे केला तो त्याच्यापुढे. "या सर, कोणतं मॉडेल बघताय?" भाऊ म्हणाला, गाडी ताई घेतेय. "हो का, छान," असं म्हणून इंजिनाची माहिती पुन्हा त्यालाच. मी विचारलं, मागची सीट पाडली की डिकी पूर्ण सपाट होते का? उत्तर भावाकडे बघून. मी विचारलं, मधल्या व्हेरिएंटला ईएससी आहे का, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तर सावरणारी यंत्रणा? तेव्हा पहिल्यांदा तो माझ्याकडे वळला, ड्रायव्हरच्या बाजूचं सनव्हायझर खाली ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा, आरशाला लाइट आहे." मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. परत विचारलं. त्याने तो दिवा परत लावून दाखवला.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणणार असेल तर आधी हे वाचा. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात इयान एअर्स आणि पीटर सिगलमन या अभ्यासकांनी नव्या गाड्यांच्या ३०० हून जास्त सौद्यांची तुलना केली. गिऱ्हाईक म्हणून पाठवलेल्या सगळ्यांना घासाघीस करायची एकच पद्धत पढवलेली, बोलायचं काय तेही ठरलेलं. तरी गोऱ्या पुरुषांना जी किंमत सांगितली जात होती, त्यापेक्षा बायकांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त सांगितली गेली. १९९५ मध्ये हे छापून आलं. म्हणजे ज्याला ते दिव्याचा आरसा दाखवतात, त्याच्याकडून पैसेही जास्त काढायला बघतात. किंमत उघड नसते म्हणूनच हे करता येतं. भिंतीवर एकच आकडा लिहिलेला असेल तर समोर कोण उभं आहे याने काय फरक पडणार होता?

टेस्ट ड्राइव्हचं फार सांगत नाही. मला मधलं व्हेरिएंट हवं होतं, चालवायला दिलं सगळ्यात वरचं. दहा मिनिटं, गुळगुळीत रस्ता, सगळी वळणं डावीकडे. चढ नाही, खड्डा नाही, उलटी लावून बघायला जागा नाही. मी म्हटलं, पार्किंगमध्ये घालून बघू द्या, तर म्हणे रूट ठरलेला आहे. जी गाडी मी दहा वर्षं वापरणार ती मला दहा मिनिटं धड वापरून बघता येत नाही, आणि जी बघितली ती मी घेणारच नाहीये.

आता आकड्याकडे येते. टेबलावर कॉम्प्युटर होता, बाजूला प्रिंटर होता, आणि माझ्यासाठी हिशोब मांडला गेला तो एका जुन्या जाहिरातीच्या पाठीवर, पेनाने. गाडीची किंमत. खाली इन्शुरन्स. खाली रजिस्ट्रेशन. इथपर्यंत ठीक. मग खाली 'हँडलिंग'. खाली 'बेसिक किट'. खाली कोटिंग. खाली वाढीव वॉरंटी. मी एकेकावर बोट ठेवून विचारत गेले. हँडलिंग म्हणजे काय? "गोडाऊनमधून गाडी इथे आणायची, धुवायची, मॅडम." अहो, माल दुकानात आणणं हा दुकानदाराचा खर्च आहे, तो गाडीच्या किमतीतच धरलेला असायला हवा. मी ऐकत नाही म्हटल्यावर ते हँडलिंग जागच्या जागी निम्मं झालं. खरा खर्च असता तर निम्मा कसा झाला असता? बेसिक किटमध्ये मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर. नको म्हटलं तर "ते गाडीला लावूनच येतं". इन्शुरन्स बाहेरून काढते म्हटलं तर चेहराच पडला आणि इकडून घेतला नाही तर डिलिव्हरीला उशीर होतो, असं हळूच ऐकवलं. विमा कंपनी आणि फायनान्स कंपनी यांच्याकडून शोरूमला कमिशन मिळतं, हे आता कुणापासून लपलेलं नाही. मिळू दे. पण ते मिळवण्यासाठी मला भीती का घालता?

मग मॅनेजरचं नाटक. "मी सरांशी बोलून येतो." केबिन काचेची होती आणि मी बरोबर समोर बसले होते. सेल्समन आत गेला. मॅनेजर मोबाईल बघत होता, त्याने मान वर केली नाही. सेल्समन भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानेही मोबाईल काढला. चार मिनिटं दोघं एक शब्द बोलले नाहीत, मी घड्याळ लावून बघितलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी सरांशी फार भांडलो. पण ही ऑफर आजच्याच दिवस, संध्याकाळपर्यंत." संताप झाला माझा. इतक्या सरळ सरळ डोळ्यांत धूळ? तीन दिवसांनी तीच ऑफर घेऊन त्याचाच फोन आला.

त्या पोराचा मला राग नाही, हेही सांगते. त्याचा पगार गाड्यांच्या आकड्यावर, महिनाअखेरीला टार्गेट, वर कोटिंग आणि वॉरंटी किती खपवली याचा वेगळा हिशोब. त्याला खोटं बोलायला शिकवून टेबलावर बसवलंय. राग आहे तो शिकवणाऱ्यांचा. आणि हे असंच असतं, धंदा म्हटला की चालायचंच, असं म्हणणाऱ्यांचाही. अमेरिकेत १९५८ सालीच कायदा झाला की नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने ठरवलेली किंमत, बसवलेल्या जादा गोष्टींच्या किमती आणि वाहतुकीचा खर्च लिहिलेला कागद चिकटवलाच पाहिजे. माइक मोनरोनी नावाच्या सिनेटरने तो आणला, म्हणून तिकडे त्या कागदाला आजही मोनरोनी स्टिकर म्हणतात. डीलर त्या किमतीला बांधलेला नसतो, वर जादा लावणारे तिथेही आहेत. पण निदान मूळ आकडा काय आणि तुम्ही वर काय चढवलंत हे गिऱ्हाइकाला काचेवर वाचता येतं. काचेवर एक कागद चिकटवण्याला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही, फक्त इच्छा लागते.

कर्जाचं टेबल वेगळं, तिथे दुसरा माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला, "महिन्याला किती जमेल?" मी म्हटलं, हप्ता नंतर, आधी व्याजदर सांगा. "दहा टक्के." फ्लॅट की रिड्यूसिंग? गप्प. हा फरक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. फ्लॅट म्हणजे तुम्ही हप्ते फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावणार. रिड्यूसिंग म्हणजे फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर. ५ वर्षांचं १० टक्के फ्लॅट म्हणजे उरलेल्या रकमेवर मोजलं तर १७ टक्क्यांच्याही वर. कागदावर १०, खिशातून १७! हप्ता जड वाटतोय म्हटलं की लगेच मुदत वाढवून मिळते. १० टक्के रिड्यूसिंगने ५ वर्षांसाठी घेतलं तर प्रत्येक १०० मागे साधारण साडेसत्तावीस व्याज जातं, तेच ७ वर्षांना साडेएकोणचाळीसच्या आसपास. हप्ता कमी झाला म्हणून माणूस खूश होऊन सही करतो. त्या टेबलावर हा हिशोब कुणी मांडून दाखवत नाही, आणि आपण मांडायला लागलो की "मॅडम, तुम्ही फार डीपमध्ये जाताय" असं ऐकावं लागतं. माझे पैसे आहेत. मी डीपमध्ये जाणार नाही तर कोण जाणार?

दुसऱ्या एका शोरूममध्ये तर जुनी गाडी बघतो म्हणून किल्ली घेतली आणि दीड तास परत दिली नाही. मी निघायला उठले की "गाडी अजून इन्स्पेक्शनला आहे". खिडकीतून मला गाडी दिसत होती, जिथे लावली होती तिथेच, बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. किल्ली अडकवून गिऱ्हाईक बसवून ठेवायचं, हे किती हलकं काम आहे! तिथे मी आवाज चढवला तेव्हा कुठे किल्ली मिळाली. परत त्या रस्त्याला गेले नाही.

शेवटी पहिल्याच ठिकाणी बुक केली, कारण गाडी आवडली होती. पैसे भरेपर्यंत दिवसाला तीन फोन, पैसे भरल्यावर चिडीचूप. तारीख दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा मीच फोन केला म्हणून कळलं. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवर लाल कापड, बाजूला फोटोग्राफर, आई खास नवी साडी नेसून आलेली. सही करायला कागद पुढे आले तर रक्कम वाढलेली. 'डॉक्युमेंटेशन' नावाची नवी ओळ. जेवढं हँडलिंग कमी केलं होतं तेवढीच.

मी पेन खाली ठेवलं आणि गाडीकडे गेले. टायरच्या बाजूला DOT अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. वाकून वाचले. टायर तेरा महिने जुने. टायर आधी बनून पडलेले असू शकतात, म्हणून दार उघडून खांबावरची पट्टी बघितली, त्यावर गाडी बनल्याचा महिना होता. अकरा महिन्यांपूर्वीचा. मला सांगितलं होतं 'फ्रेश स्टॉक, परवाच आलीये'. अकरा महिने कुठल्या तरी मैदानात उन्हापावसात उभी असलेली गाडी नवी म्हणून. बॅटरी उतरत जाते, टायर एकाच जागी दबून राहतात, आणि पुढे विकायला काढली की त्या सालाने किंमत पडते. जुना स्टॉक आहे, एवढी सूट देतो, असं सांगितलं असतं तर कदाचित मी घेतलीही असती! पण खोटं सांगितलं. लाल कापड तसंच ठेवून आम्ही घरी आलो. गाडीत बसून फोटो काढायचा म्हणून आलेली आई रस्ताभर काही बोलली नाही.

दुसरी गाडी आणायला त्यांना सोळा दिवस लागले. ती नीट बघून घेतली आणि डॉक्युमेंटेशनची ओळ खोडायला लावली. हँडलिंगचं ते निम्मं मात्र भरलं, कारण त्या दिवशी आणखी भांडायचं त्राणच नव्हतं. किल्ली देताना सेल्समन हळूच म्हणाला, "कंपनीचा फोन येईल मॅडम, १० पैकी १० द्या. ९ दिले तरी आम्हाला नापास धरतात."

फोन आला. मी ३ दिले आणि कारणं सांगितली, एकेक, तारखांसकट. वीस मिनिटांत मॅनेजरचा फोन, जो पाच आठवडे काचेआडून बाहेर आला नव्हता. "मॅडम, आधी सांगायचं होतंत ना, आपण बसून बोललो असतो."

मी म्हटलं, बसायला नको. हँडलिंग म्हणून माझ्याकडून घेतलेले पैसे कशाचे होते, तेवढं एका ओळीत लिहून पाठवा. "लगेच पाठवतो," म्हणाले. त्याला आज अकरा दिवस झाले.