फिजिओथेरपिस्टचे हात पदवीनंतर कोण पाहतो?

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याचे हात जितक्या बारकाईने पाहिले जातात, तितके पदवीधर झाल्यावर पुन्हा कधीच पाहिले जात नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी परीक्षक शेजारी उभा राहून विद्यार्थ्याने सांधा कुठे धरला, रुग्णाला कसे झोपवले, हात लावण्याआधी परवानगी मागितली की नाही, हे टिपून घेतो. नोंदणी क्रमांक हाती आला की तपासणीच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला जातो आणि पुढची कित्येक वर्षे त्यामागे काय चालते, हे रुग्णाखेरीज कोणालाही दिसत नाही. रुग्णाला आपल्याला बरे वाटले की नाही एवढे नक्की कळते. तपासणी नीट झाली का, हे कळायला त्याच्याजवळ काही साधन नसते. व्यावसायिकांच्या सततच्या शिक्षणाची, म्हणजे सीपीडीची, जी व्यवस्था उभी राहिली आहे ती या पडद्याच्या बाहेरच घुटमळते, अशी माझी तक्रार आहे.

नियामक संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपी बोर्डाने वर्षाला किमान 20 तासांचे सीपीडी बंधनकारक केले आहे. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या एचसीपीसी या नियामक संस्थेने तासांचा आकडा ठरवून दिलेला नाही. आपल्या शिकण्याची नोंद ठेवा, शिकण्याचे प्रकार वेगवेगळे असू द्या, आणि त्याचा कामाच्या दर्जाला व रुग्णाला काय उपयोग झाला ते दाखवा, अशी तिची अपेक्षा असते, आणि दर दोन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होताना 2.5 टक्के व्यक्ती निवडून त्यांच्याकडून लेखी अहवाल मागवला जातो. मला ही दुसरी पद्धत अधिक प्रगल्भ वाटते, कारण खुर्चीवर बसून काढलेले तास म्हणजे शिक्षण नव्हे, हे ती निदान मान्य करते. मात्र दोन्हीकडे शेवटी तपासला जातो तो कागदच. ज्याला चांगले लिहिता येते त्याचा अहवाल चांगला उतरतो. त्याची गुडघ्याची तपासणी कशी आहे, हे त्या अहवालातून समजत नाही.

वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात हा फरक फार पूर्वीच ओळखला गेला आहे. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये कौशल्याच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष तसे करणे. कोर्सच्या शेवटी होणारी बहुपर्यायी चाचणी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये रूढ केलेली ऑस्की परीक्षा, म्हणजे परीक्षकासमोर एकेक कौशल्य करून दाखवण्याची परीक्षा, तिसरीपर्यंत नेते. चौथी पायरी मात्र गर्दीच्या ओपीडीत, अकरावा रुग्ण समोर आणि बारावा दारात असताना काय घडते याची आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांनी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडून दिली आहे.

‘अनुभवाने सगळे येते’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. हे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि आता त्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. डॉक्टरांच्या बाबतीत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 62 अभ्यास तपासले गेले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायातील वर्षे वाढत गेली तशी मोजलेल्या सर्वच निकषांवर कामगिरी घसरत गेल्याचे दिसले. आमच्या क्षेत्रातही कंबरदुखीच्या रुग्णांना येणाऱ्या फरकावरून उत्तम थेरपिस्ट ओळखण्याचा प्रयत्न 2003 मध्ये झाला, तेव्हा उत्तम ठरलेले आणि सर्वसाधारण ठरलेले यांच्या अनुभवाच्या वर्षांत लक्षणीय फरक आढळला नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. हात बसतो तो जसा पडेल तसा बसतो. चुकीचा बसला तर तो चुकीचाच पक्का होतो, आणि त्याबरोबर आत्मविश्वासही पक्का होतो.

सांध्याचा कोन मोजण्याच्या उपकरणाचे, गोनिओमीटरचेच पाहा. गुडघा किती वाकतो हे मोजताना उपकरणाचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, वरची भुजा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाकडे, ग्रेटर ट्रोकॅन्टरकडे, आणि खालची भुजा बाहेरच्या घोट्याकडे, हे प्रत्येकाला पाठ असते. प्रत्यक्षात ट्रोकॅन्टर बोटांनी चाचपून शोधणारे थोडे; बरेचजण पॅन्टच्या शिवणीवरून अंदाज घेतात, आणि काहीजण तर उपकरण खिशात ठेवून नजरेनेच आकडा लिहितात. उपकरण नीट धरले तरी दोन मोजमापांत पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. तेव्हा ‘आठवड्यात पाच अंशांची सुधारणा’ ही नोंद खरी प्रगती आहे की शिवणीची करामत, हे त्या फाइलवरून कोणी सांगू शकणार नाही, आणि पुढचे सगळे उपचार मात्र त्याच आकड्यावर उभे राहतात.

लॅकमन टेस्टची गोष्ट थोडी निराळी आहे. गुडघ्यातील पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा अस्थिबंध, फाटला आहे का, हे पाहायला गुडघा 20 ते 30 अंशांत ठेवून केलेली ही तपासणी, विशेषतः ताज्या दुखापतीत, गुडघा 90 अंशांत वाकवून केलेल्या ड्रॉवर टेस्टपेक्षा भरवशाची असते, कारण दुखऱ्या गुडघ्यामागचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, आखडलेले असतात आणि ते नडगीच्या हाडाला पुढे सरकूच देत नाहीत. अडचण अशी, की जाड मांडी आणि लहान हात अशी जोडी जमली की पकडच बसत नाही. मांडी सैल पडत नाही आणि तपासणाऱ्याला ‘घट्ट आहे’ असे वाटून तो पुढे जातो. आपलाच गुडघा रुग्णाच्या मांडीखाली टेकवून आधार द्यावा, मग एक हात मांडी स्थिर धरायला आणि दुसरा नडगी पुढे ओढायला मोकळा होतो, हे शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने दोन मिनिटांत दाखवण्यासारखे आहे. त्यासाठी शनिवार-रविवारचा कोर्स आणि भिंतीवर प्रमाणपत्राची आणखी एक चौकट कशाला हवी? (चौकटींचा मला मुळात राग नाही, त्या तपासणीच्या खाटेवरून दिसतील अशाच का लावल्या जातात, एवढेच कुतूहल आहे.)

क्लिनिकल कौशल्य म्हणजे केवळ हाताचे काम, अशीही एक समजूत आहे, आणि ती अधिक धोक्याची आहे. कंबरदुखीच्या रुग्णात कॉडा इक्विनाची, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाच्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची, शक्यता चुकवून चालत नाही. ‘लघवी-संडासचा काही त्रास?’ असे पाठमोरे राहून, फाइलमध्ये लिहिता लिहिता विचारले की रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि फॉर्मवरची खूण पूर्ण होते. समोर बसून, हा प्रश्न का विचारत आहोत ते आधी सांगून, लघवी होताना जाणवते का, लागल्याची भावना पहिल्यासारखी येते का, स्वच्छता करताना त्या भागात बधिरपणा वाटतो का, लैंगिक संवेदनेत काही बदल झाला आहे का, असे एकेक विचारले की त्याच रुग्णाचे उत्तर बदलू शकते. नोंदीत दोन्ही तपासण्या सारख्याच दिसतात. त्यांतला फरक कळायला तिसऱ्या माणसाने त्या खोलीत हजर असावे लागते.

कोर्स निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. शैक्षणिक सभा आणि कार्यशाळांवर कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2009 मध्ये केलेल्या आढाव्यात अपेक्षित पद्धतीने काम होण्याच्या प्रमाणात अभ्यासांचा मध्यक घेता सुमारे 6 टक्क्यांची सुधारणा दिसली होती. ती नगण्य नाही, पण या मार्गावर आपण जेवढा वेळ आणि पैसा घालतो त्या मानाने फारच बेताची आहे. सिडनीतून 1999 पासून चालणाऱ्या पेड्रो या विनामूल्य डेटाबेसमुळे फिजिओथेरपीतील चाचण्यांचे निष्कर्ष शोधणेही आता अवघड राहिलेले नाही. कमतरता आहे ती जे वाचले ते माझ्या हातून तसेच घडते का, हे पाहणाऱ्या डोळ्यांची.

सहकाऱ्याने तपासणीच्या वेळी हजर राहून ती पाहावी आणि टिपण करावे, या माझ्या सूचनेवर सर्वांत रास्त आक्षेप आहे तो भीतीचा. निरीक्षणाचे टिपण वरिष्ठांच्या हाती गेले आणि त्यावर पगारवाढ ठरू लागली, तर प्रत्येकजण त्या दिवसापुरता सोपा रुग्ण आणि ठेवणीतली तपासणी काढील, यात शंका नाही. म्हणून ते टिपण ज्याचे काम पाहिले त्याच्याचकडे राहावे, नियामकाला निरीक्षण झाल्याची तारीख आणि त्यातून कोणता बदल केला याच्या दोन ओळी पुरेत, आणि रुग्ण निवडण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे असावा. रुग्णाची संमती अर्थातच आधी. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांना हे कठीण जाईल. त्यांना लेखी संमतीने केलेले चित्रीकरण दुसऱ्या एखाद्या थेरपिस्टबरोबर अदलाबदल करून पाहता येईल, जरी पडद्यावर पकडीतला जोर दिसत नाही हे खरे.

बंधनकारक तास ठेवायचेच असतील, तर त्यांतला निदान चौथा हिस्सा प्रत्यक्ष रुग्णावरच्या अशा निरीक्षणासाठी राखून ठेवावा, आणि ते तास पाहणाऱ्याच्या खात्यातही जमा व्हावेत. दुसऱ्याची पकड सुधारायला निघालेला माणूस आपली पकड आधी निरखून घेतो.